म्हशींनी खाल्लेला आराखडा

...आणि म्हशी आपल्या शांतपणे रवंथ करत उभ्या! काल इथवर सांगून मी जेवायला उठलो, तर तुम्ही म्हणालात, गोदामाच्या बांधकामाशी म्हशींचं काय नातं? ऐका तर.

आमच्या खारबावच्या काळूरामची पोर क्षितिजा. शिकून इंजिनिअर झाली, आणि टेकडीच्या उतारावर जे मोठं गोदाम होतंय तिथंच कामाला लागली. उतार कापल्यामुळे मुरूम उघडा पडलेला. जोराची सर आली की ती माती थेट खाली राहीबाईच्या शेतात. लावणी नुकतीच झालेली. वर गाळ बसला तर भात गेलंच. ती माती अडवायचा आराखडा क्षितिजाकडे होता. पोरीनं शब्दच देऊन टाकला, "काकी, तुझ्या शेतात घमेलंभर माती आली तर मी स्वतः उपसून देईन."

आराखडा मोठा झकास. उतारावर आडवे टाकायचे पेंढ्याचे जाडजूड भारे, म्हणजे पाण्याचा जोर मोडतो. खाली मोठा खड्डा. गाळ त्यात बसतो आणि पाणी वरून निघून जातं. पेंढा आणला कुठून? राहीबाईच्याच उडवीतून! खड्डा खणून, भारे उतारावर टाकून मजूर चहाला गेले तेवढ्यात राहीबाईच्या म्हशी वर चढल्या. माणसं परत येऊन बघतात तर सुतळ्या तेवढ्या उरलेल्या.

"काकी, म्हशी आवर गो तुझ्या!" क्षितिजा ओरडली.

"वरडतंस कशाला? माझाच पेंढा, माझ्याच म्हशी. त्यांना काय ठाव तो आता साहेबाचा झाला?"

क्षितिजाचे साहेब माधवराव कपाळाला हात लावून बसले. आभाळ भरून आलेलं. आणि ही पोर पोट धरून हसत सुटली! मग ओढणी कमरेला खोचून ओढ्याकडे निघाली. तिथं निरगुडी नुसती माजलेली, आणि निरगुडीला गुरं तोंड लावत नाहीत. तीच तोडून भारे बांधायला घेतले. राहीबाई कोयता घेऊन आली. मीही गुडघे विसरून मदतीला बसलो. माधवरावांनी बाह्या सारल्या खऱ्या, पण त्यांच्या गाठी सुटायच्या; राहीबाई त्या पुन्हा मारायची आणि वर सुनवायची, "साहेब, लग्नाची गाठ तरी नीट मारलीव ना?" साहेबच सगळ्यात मोठ्यानं हसले. अंधार पडायच्या आत उतार हिरवा झाला, आणि क्षितिजानं नकाशावर 'पेंढा' खोडून 'निरगुडी' लिहिलं.

त्या रात्री पाऊस कोसळला तो कोसळलाच. सकाळी आम्ही सगळे बांधावर. भारे जागच्या जागी, खड्ड्याच्या तळाशी तांबडा गाळ, आणि राहीबाईचं भात ताठ उभं. तरी बाईचं समाधान होईना. तिनं शेतातलं पाणी ओंजळीत घेतलं, डोळे बारीक करून पाहिलं.

"बाय गो, ह्ये तं अजून चहासारखं लाल हाय!"

क्षितिजा म्हणाली, "लाल हाय तं असू दे, काकी. चोथा सगळा वरच्या खड्ड्यात बसलाय!"