पाचव्या फोटोपर्यंत

कौमुदी पुण्यात बालरोगतज्ज्ञ होती. नवऱ्याला टोकियोत, तोयोसूतल्या एका आयटी कंपनीत नोकरी लागली, तेव्हा ती दोन वर्षं घासून जपानी शिकली, तिने परीक्षा दिल्या आणि लहान मुलांच्या पचनसंस्थेचं खास प्रशिक्षण घ्यायचा परवाना मिळवला. तो मार्चअखेर संपणार होता.

तिचे गुरू निशिवाकी सेन्सेइ कशालाच नाही म्हणत नसत. कोलोनोस्कोपी मी करू का, असं विचारलं की म्हणत, "अजून थोडं बघा." ती बघत राहिली. आतडं हा आपल्या आतला सर्वांत लांब अंधार. तो आपण जन्मभर वापरतो आणि मरेपर्यंत पाहत नाही. रबराच्या आतड्यात तिने शेकडो वेळा दुर्बीण फिरवली होती, मुलांमध्येही अर्ध्या वाटेपर्यंत नेली होती. मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत मात्र एकटीने एकदाही नाही. ते झाल्याशिवाय सेन्सेइ प्रमाणपत्रावर सही करणार नव्हते. पुण्यात नोकरीची जागा ठरली होती; एरवी तिथे ती नुसती बघून आलेली बाई म्हणून परतली असती.

फेब्रुवारीत सलोनी आली. सात वर्षांची, टोकियोतल्याच एदोगावात वाढलेली. तीन महिने शौचावाटे रक्त जात होतं. तिची आई शमा काळजीने वाळली होती. इंटरनेटवरचे सगळे भयंकर आजार तिने वाचून काढले होते. मराठी डॉक्टर दिसल्यावर ती पहिल्यांदा मोकळं बोलली. सेन्सेइंनी ते पाहिलं आणि ही तपासणी कौमुदीनेच करावी, असं सांगून टाकलं.

आदल्या दिवशी काय खायचं याची रुग्णालयाची छापील यादी कौमुदीने मराठीत उतरवून दिली. पांढरा भात, उदोनच्या शेवया, तोफू चालेल. समुद्री शेवाळ, मशरूम, कोन्याकू कंदाच्या वड्या नकोत.

तपासणीच्या सकाळी सलोनी औषधाचं पाणी पेल्यामागून पेला पिऊ लागली. तिथल्या संडासाच्या भिंतीवर पाच फोटो लावलेले होते. पहिला घट्ट शौचाचा, पाचवा फिक्या चहासारख्या नितळ पाण्याचा. पाणी सोडण्याआधी दर वेळी नर्स आत डोकावून आकडा लिहायची. पाच आल्याशिवाय पुढे नाही. अकराला आकडा तीन आला. बारालाही तीनच. भांड्यातले तांबूस-पांढरे कण कसले, ते नर्सला कळेना. तिने कौमुदीला बोलावलं. कौमुदीने वाकून पाहिलं. शेंगदाणे. अधूनमधून जिरं.

"काल एकादशी होती," शमा म्हणाली. "माझ्यापुरती साबुदाण्याची खिचडी केली होती. हिच्या घशाखाली ते उदोन उतरेना. म्हटलं, उपासाचं तर आहे, पोटाला हलकं." मग हळूच म्हणाली, "यादीत दाण्याचं कूट नव्हतं हो."

खरंच नव्हतं. दर एकादशीला खिचडी खाऊन वाढलेल्या कौमुदीने, कुठल्याच मराठी घरात शिजत नाही तो कोन्याकू इमानाने लिहिला होता.

सेन्सेइंना आईने चुकीचं खायला दिलं असं सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. कौमुदीने सांगितलं की यादी अपुरी होती, ती मी केली होती. मग उपास म्हणजे काय ते समजावलं.

"तुपात परतून?" सेन्सेइंनी विचारलं.

"हो. बटाटाही घालतात."

"आणि याला उपास म्हणतात."

ते बराच वेळ खांदे हलवत हसले. मग म्हणाले, अडीचपर्यंत पाच आलं तर साडेचारला घेऊ. नाही आलं तर पुढची तारीख एप्रिलमध्ये. "आणि ती यादी आत्ताच नव्याने लिहा, कौमुदी-सान."

एप्रिलमध्ये ती इथे नसणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सलोनी पाणी पीत आणि उड्या मारत कॉरिडॉरभर फिरत राहिली. बाकावर कौमुदी लिहीत होती, शमा सांगत होती. भगर, राजगिरा, शिंगाडा, खजूर, काकडीची दाणे घातलेली कोशिंबीर.

"एवढं सगळं खातो आपण उपासाला?"

"मी तर कमीच खाते, डॉक्टर," शमा म्हणाली.

दोन वाजून वीस मिनिटांनी सलोनी संडासातून पाच बोटं वर धरून बाहेर आली. नर्स आत जाऊन खात्री करून आली, आणि तिनेही पाच बोटं दाखवली.

साडेचारला सलोनी गुंगीत होती. सेन्सेइ मागे उभे राहिले, हात पाठीशी बांधून. पडद्यावर गुलाबी, ओली वाट उलगडत गेली. डाव्या बाजूला देठावर लोंबणारा लाल गोळा दिसला, डाळिंबाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. कौमुदी त्याच्या शेजारून पुढे गेली. आधी शेवट गाठायचा होता. दोन वळणांवर हात अडला. सेन्सेइंचे हात पाठीशीच राहिले. तिने दुर्बीण जराशी मागे घेतली, फिरवली, पुन्हा सोडली. वाट संपली. दुसरीकडे कुठेही व्रण नव्हता, सूज नव्हती.

परतताना ती गोळ्यापाशी थांबली आणि मागे वळून पाहू लागली.

"माझ्याकडे काय बघताय? काढा," सेन्सेइ म्हणाले.

तिने तारेचा फास टाकला, आवळला आणि गोळा काढला. अहवालात करणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात सेन्सेइंनी तिचं नाव स्वतः लिहिलं.

मुलांमध्ये होणारा साधा पॉलिप दिसतोय, प्रयोगशाळा पक्कं सांगेल, पण रक्त आता थांबायला हवं, असं कौमुदीने बाहेर येऊन सांगितलं. शमा भिंतीला टेकून खालीच बसली. तीन महिन्यांत वाचलेलं सगळं तिच्या चेहऱ्यावरून उतरताना दिसत होतं. मग ती हसायला लागली, आणि तिला थांबता येईना.

जाग आल्यावर सलोनीने जपानीत विचारलं, कुठेय ते? कौमुदीने काचेची छोटी बाटली तिच्यापुढे धरली.

"चिसाइ," सलोनी निराश होऊन म्हणाली. एवढंसंच. यासाठी मला इतकं पाणी प्यायला लावलं?

प्रयोगशाळेचा माणूस बाटली न्यायला दारात येऊन उभा होता. कौमुदीने ती खिडकीच्या उजेडात धरली, आणखी थोडा वेळ बघितली, आणि मगच त्याला दिली.