बारा नगांचं पार्सल

दिवाळी सरून आठवडा झाला तरी मुलुंडच्या हवेत थंडी शिरायचं नाव घेत नव्हती. डोंगराकडची बाजू सकाळीच धुरकटलेली, खालच्या मजल्यावर रंगकाम काढलेलं, त्याचा वास थेट स्वयंपाकघरात. जानकी राणे विळीवर बसून नारळ खवत होती. ती घरून जेवणाचे डबे पुरवायची, आणि बुधवार म्हणजे डब्यांत माशांचा वार. खोबऱ्याचं वाटप वाटल्याशिवाय कालवण नाही, आणि मिक्सर तर कधीचा मरायला टेकलेला. तो चालवायचा म्हणजे एक हात झाकणावर, दुसरा भांड्याच्या बुडाशी आणि बटण दाबायला कुणाचा तरी तिसरा. त्या तिसऱ्या हातासाठी तिने भावाला हाक मारली.

सहदेव आला, बटण दाबून उभा राहिला. बोलला नाही. बोलणार कशाने? गेल्या वर्षी डॉक्टरांनी तंबाखूने खाल्लेली स्वरपेटी काढून टाकली होती. गळ्यात स्वच्छ रुमाल आणि हातात शाळकरी पाटी, एवढाच त्याचा संसार उरला होता. बायको आधीच गेलेली, म्हणून जानकीने त्याला आपल्याकडे आणून ठेवला.

हा सहदेव म्हणजे एकेकाळचा डबलबारीचा बुवा. समोरासमोर दोन भजनी मंडळं, आणि अभंग संपला की गजरात एकमेकांची यथेच्छ खिल्ली उडवायची. भांडुपचा चंद्रप्रकाश बुवा हा त्याचा ठरलेला वैरी. तीस वर्षं दोघांनी एकमेकांना धुतलं होतं आणि बारी संपल्यावर एकाच बशीतली भजी खाल्ली होती. ऑपरेशननंतर चंद्रप्रकाश भेटायला आला. खुर्चीच्या कडेवर बसला, ‘आता बरं वाटतं ना’ म्हणाला, सफरचंदं ठेवून गेला. तो गेल्यावर सहदेवने पाटीवर लिहिलं, ‘चंदू माझ्याशी गोड बोललो. मी मेलंय काय?’ त्या दिवसापासून तो जिना उतरला नव्हता.

जानकीने ते वाचलं आणि पाटी पुसली. पण डोक्यातून जाईना. ती अंधेरीला सीप्झमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत वीस वर्षं बोर्डांना डाग देत होती. कंपनी बंद पडली, हातातली डाग द्यायची सोल्डरिंग गन काही सुटली नाही. शेजाऱ्यांचे रेडिओ, मंडळाच्या दिव्यांची माळ, स्वतःची पाण्याच्या टाकीची घंटी, असलं काहीतरी दुपारी चालूच. गळ्याला लावून बोलायचं यंत्र बाजारात तयार मिळतं, पण त्याची किंमत ऐकून ती दवाखान्याच्या बाकावरच बसली होती. मग म्हणाली, आपणच करू. सर्किट जमलं, बॅटरी जमली. अडलं ते गळ्यावर थरथर देणाऱ्या बटणाएवढ्या भागापाशी. इथे बाजारात मिळाले ते लावल्यावर सहदेवच्या तोंडातून फक्त डास गुणगुणला.

हवा तो भाग परदेशात मिळत होता, वडापावच्या किमतीत. पूर्वी असली चिल्लर पाकिटं पोस्टमन गुपचूप आणून टाकायचा. आता वस्तू स्वस्त आणि तिची वाट महाग. म्हणून घरी असली यंत्रं जुळवणाऱ्या खटपट्यांच्या फोनवरच्या गटात वर्गणी काढायची रीत पडली होती, सगळ्यांचं मिळून एकच पार्सल. बोरिवलीचा सुयोग, संध्याकाळी बँक सुटल्यावर खेळण्यातली विमानं बनवणारा, त्याच्या मोटरी. घाटकोपरच्या गंधालीला गॅलरीत पावसाचं माप घ्यायचं होतं, तिचे सेन्सर. जानकीताई घरीच असतात, म्हणून पत्ता त्यांचा.

वाटप वाटून झालं तेवढ्यात कुरिअरचा मेसेज आला. पार्सल अडकलं होतं. डबे गेल्यावर तिने फोन लावला. पलीकडे सपना नावाची मुलगी होती, आवाजाने थकलेली पण बोलायला नीट. तिने सांगितलं, माल धंद्याचा वाटतोय, त्या हिशेबाने ड्युटी लागली आहे, वर आमचा सोडवणुकीचा आकार, आणि उशीर केला तर गोडाऊनचं भाडं. आकडा मालाच्या किमतीला मागे टाकून गेला होता.

जानकी म्हणाली, “अगं, मी काय दुकान घालणार आहे? भावाच्या गळ्यासाठी एक मागवलंय.”

“एक नाही ना मावशी,” सपना हळूच म्हणाली. “बारा नग लिहिलेत.”

ही जानकीची जुन्या कंपनीतली सवय. लाइनवर शिकवलं होतं, लागेल एक तर मागव जास्त, पाचात एक मेलेला निघतोच. सुयोगच्या मोटरीही अशाच ढिगाने. काटकसर म्हणून सगळ्यांचं एकत्र केलं आणि एकत्र केलं म्हणूनच ते दुकानदाराचं दिसलं. माझे तेवढे काढून द्या म्हणावं तर पार्सल फुटत नाही. घेतलं तर सगळं, नाहीतर सगळं सोडायचं.

सुयोगने हिशेब मांडून सोडायचंच म्हटलं. त्याचंही खोटं नव्हतं, मोटर काय आज नाही उद्या. गंधालीने आपला वाटा देते म्हणून कळवलं, पण कॉलेजातल्या पोरीचा वाटा तो केवढा. उरलेल्याला एकच जागा होती, डाळीच्या डब्यामागचं, नव्या मिक्सरसाठी साठवलेल्या पैशांचं पाकीट. सहदेवने तिला तिकडे हात घालताना पाहिलं. त्याने पाटी पुढे केली, ‘नको’. खाली दोन रेघा मारल्या.

“तुझं ऐकायला तू आधी बोल तरी,” जानकी म्हणाली, आणि पैसे भरले.

पार्सल आलं. बारातले तीन मेलेलेच निघाले, तेव्हा तिला उगाच बरं वाटलं. सुयोगने मोटरी न्यायला येताना ओशाळवाणं तोंड केलं आणि आपला वाटा पुढच्या पगारात देतो म्हणाला. त्याला तिने चहा पाजला. पहिले काही दिवस घरात नुसती घरघर. यंत्र गळ्यावर नेमकं टेकायचं, तोंड मोठं हलवायचं, श्वास विसरायचा. सहदेव आरशासमोर उभा राहून सराव करी, चिडे, यंत्र बाजेवर टाकी, परत उचली.

आणि एका बुधवारी जानकीने स्वतःच फोन करून चंद्रप्रकाश बुवाला बोलावलं. तो पुन्हा सफरचंदं घेऊन आला. खुर्चीच्या कडेवर बसला आणि गोड बोलायला तोंड उघडणार, तोच सहदेवने यंत्र गळ्याला लावलं. सपाट, पत्र्याचा आवाज, एका सुरात, पण शब्द न शब्द कळणारा.

“चंद्या, नीट बस. माझो आवाज आता फॉरेनचो आसा. ड्युटी भरून इलोहा. तुझो अजून फुकटचो.”

चंद्रप्रकाश बघतच राहिला. डोळे ओले झाले त्याचे, पण ते त्याने सफरचंदाच्या पिशवीकडे बघत लपवले. मग खुर्चीत मागे सरकून ऐसपैस बसला.

“मेल्या, घशात गिरण घातलंस तरी सूर सापडाक नाय तुका.”

सहदेवचे खांदे हलायला लागले. हसण्याला आवाज नव्हता, यंत्र मांडीवर पडलं होतं. पण हसत होता. मग बारी जुंपली. स्वयंपाकघरातून जानकीने बटणासाठी दोनदा हाक मारली, कुणाचं लक्ष नाही.

शेवटी तिने झाकण सोडून स्वतःच बटण दाबलं, तर मिक्सर एकदा खोकला आणि बंद पडला. जानकीने त्याला उलटा केला, पेचकस घेतला, आतल्या मोटरीचे झिजलेले कार्बनचे तुकडे काढून फडक्याने पुसले, परत बसवले. एक हात झाकणावर ठेवला, दुसरा बुडाशी, आणि बटण कोपराने दाबून खोबरं वाटायला घेतलं.