कळव्याची पंगत आणि माझे स्पॅनिश

पुण्याहून निघताना मी बायकोला बजावले होते, की माझ्या स्पॅनिशचा विषय माहेरी काढायचा नाही. तिने फार लवकर मान डोलावली. तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

माझ्या स्पॅनिशची हकीकत अशी. जुन्या बाजारात त्या भाषेचे एक पुस्तक हाती लागले. वाळवीने त्याचा फडशा पाडून पहिली काही पाने माझ्यासाठी ठेवली होती. त्यांत एकच क्रियापद शाबूत होते, कोमेर, म्हणजे जेवणे. मी ते वर्तमानकाळात घोकून पक्के केले: कोमो, मी जेवतो; कोमेस, तू जेवतोस; कोमे, तो जेवतो; कोमेमोस, आम्ही जेवतो; कोमेइस, तुम्ही जेवता; कोमेन, ते जेवतात. आळीत म्हणून दाखवले आणि मला मान मिळू लागला. आळीत दुसऱ्या कोणाला एकही क्रियापद येत नसल्यामुळे तो टिकला.

गाडी घाट उतरून कल्याणला आली तोवर उपरणे घामाने चिंब झाले होते. पुढे डोंबिवलीचे खेडे आले. कापणी झालेली भातखाचरे उन्हात भेगाळली होती आणि एक म्हैस आमच्या गाडीकडे अगदी तुच्छतेने पाहत होती. कळव्याच्या बाजूला मिठागरांत पांढरे ढीग दिसले, पुलाखालून खाडी गेली, आणि ठाणे आले. फलाटावर सासरे उभे होते. अण्णासाहेब ठाण्याच्या कोर्टात वकील, करारी मुद्रेचे.

"या जावईबापू," ते म्हणाले, "तुमच्या स्पॅनिशची निकड लागली आहे."

बायको एकदम सामान मोजू लागली.

अण्णासाहेबांचा पेद्रू नावाचा एक जुना पक्षकार कळव्याला राहत होता. हा ख्रिस्ती शेतकरी. त्याच्याकडे पाद्रीबुवांनी एक स्पॅनिश पाहुणा हवापालटासाठी धाडला होता. जहाजावरचा सुतार, नुकताच तापातून उठलेला. पाद्रीबुवा स्वतः वसईला निघून गेले होते आणि इकडे पाहुण्याने अन्न सोडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही होडीने खाडी ओलांडली. वाटेत अण्णासाहेबांनी आवाज खाली आणला. "तिथे पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. धाकटीचे लग्न ठरत आले आहे आणि मुलाकडचे लोक कर्मठ आहेत. आपण ख्रिस्त्याकडे तोंड उष्टे केले असे त्यांच्या कानावर गेले, की सोयरीक मोडलीच समजा."

मी मान डोलावली. मला चिंता वेगळीच होती. माझ्याकडची सगळी स्पॅनिश भाषा एका दमात म्हणून संपत होती.

पेद्रू आम्हाला पाहून धावतच आला. "सायब, परवाधरनं अन्नाला हात लावीत नाय. झाराखाली (झाडाखाली) जाऊन केली (केळी) खातो, एकलाच."

त्याची म्हातारी आई इनास दारात डोळे पुसत होती. "माजे हातचं गोर (गोड) लागत नसंल. पाव्हना उपाशी, आन् आमी कसं गिलायचं?" म्हणजे अख्खे घर उपाशी होते.

आमच्यासमोरच पाहुण्याचे ताट मांडले. ताटात भात, वालाचे सार आणि फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) होते. पेद्रू, त्याची बायको आणि म्हातारी हात जोडून भोवती उभी राहिली. पाहुणा बाकावर बसला, रिकाम्या बाकांकडे पाहून हसला, आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहू लागला. कोणी हलेना. घटकाभराने तो उठू लागला.

"बोला," अण्णासाहेबांनी मला कोपराने ढोसले.

मी घसा साफ करून सुरुवात केली. "कोमो." पाहुणा चमकला. "कोमेस." त्याने मान हलवली. "कोमे." तो बुचकळ्यात पडला. "कोमेमोस," मी म्हणालो, आणि तो ताडकन उभा राहिला. "कोमेमोस," असे मोठ्याने म्हणत त्याने पेद्रूला दंडाला धरून बाकावर बसवले, मग त्याच्या बायकोला, मग म्हातारीला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या सुताराच्या देशात घरचे बसल्याशिवाय पाहुणा घास घेत नाही. पेद्रूकडे पाहुण्याचे झाल्याशिवाय घर बसत नाही. दोन्हीकडची माणसे सभ्यपणापायी उपाशी मरायला निघाली होती. मला हसूही आले आणि त्या सगळ्यांविषयी फार मायाही वाटली.

पण पाहुण्याचा हात अजून मांडीवरच होता. तो आम्हा दोघांकडे पाहून बाक थोपटत होता.

"त्याला सांगा, आमचा उपास आहे," अण्णासाहेब पुटपुटले.

"ते वाळवीने खाल्ले," मी म्हणालो.

इनास अण्णासाहेबांकडे बघत राहिली. "बसा न् सायबा," ती हळूच म्हणाली. "आजारी मानूस हाय तो."

अण्णासाहेबांनी दाराकडे पाहिले, खाडीकडे पाहिले. मग पागोटे काढून त्यांनी खुंटीला अडकवले, जणू जेवणार होते ते वकील अण्णासाहेब नव्हेतच, आणि बसले. मीही बसलो. पाहुण्याने पहिला घास घेतला आणि म्हातारी रडू लागली. फुग्यांत काय काय घातले होते ते मी विचारले नाही. मराठीत विचारता आले असते, पण ते हलके आणि गरम होते. अण्णासाहेबांनी आग्रहाची वाट न पाहता पुन्हा घेतले.

परतीच्या होडीत ते एवढेच म्हणाले, "झाले ते खाडीत बुडाले."

घरी सासूबाईंनी जावयासाठी पुरणपोळ्या केल्या होत्या. आमची पाने मांडली आणि सासूबाई, बायको व मेव्हणी वाढायला उभ्या राहिल्या. दुपार टळली होती, तिघींच्या पोटात काही नव्हते, आणि आमच्या पोटात जागा नव्हती.

"जेवत का नाही?" सासूबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "माझ्या हातचे बिघडले का काही?"

मला इनास आठवली. मी अण्णासाहेबांकडे पाहून सावकाश म्हणालो, "कोमेमोस."

त्यांना जोराचा ठसका लागला.

"म्हणजे काय हो?" सासूबाईंनी विचारले.

"म्हणजे," पाणी पिऊन अण्णासाहेब म्हणाले, "तुम्हीही बसा. तिघीही. आत्ताच्या आत्ता."

त्या घरात बायका पुरुषांबरोबर पानावर कधी बसल्या नव्हत्या. सासूबाईंनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग भीत भीत बसल्या. वाढायला कोणी उरले नाही, म्हणून पातेलेच मध्ये आले. मेव्हणीने तिसरी पोळी घेतली तेव्हा सासूबाई स्वतःशीच हसल्या.

परतताना डोंबिवलीपाशी बायकोने विचारले, "कळव्याला काय जेवलात?" मी खिडकीबाहेर म्हैस शोधू लागलो.

मेव्हणीचे लग्न यथासांग पार पडले आहे, म्हणून आता हे लिहायला हरकत नाही. मध्यंतरी त्या पुस्तकाची धड प्रत मिळाली. पुढचाच धडा भूतकाळाचा आहे. तो मी उघडलेला नाही. "मी जेवलो" हे मला त्या भाषेत अजून म्हणता येत नाही, आणि ते तसेच राहावे असा अण्णासाहेबांचा आग्रह आहे.