मागच्या रांगेतून सिनेमा सांगणारी

भूत, भास, अंगात येणं यावर माझा कधीच विश्वास नव्हता. गावाकडे कुणी घुमायला लागलं की मी उठून घरी यायचे. तरी हे लिहितेय, कारण घरात कुणाला सांगायची लाज वाटते. शाळा आठवीत सुटली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी मूळची शिरपूरकडची. माहेरी आम्ही अहिराणी बोलतो. नवऱ्याला चिंचोळी एमआयडीसीत काम मिळालं म्हणून सोलापूरला आले आणि टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला लागले. पहिल्याच दिवशी तोंडातून ‘शे’ निघालं — आमच्याकडे ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. शेजारची म्हणाली, “शे शे काय करतीस गं? शेरडं हाकतीस व्हय?” सगळ्या हसल्या. तेव्हापासून आईचा फोन आला तरी मी गच्चीवर जाऊन बोलायचे.

साखर पेठेत ज्यांच्या वरच्या खोलीत राहतो, त्या घरमालकीण अम्मा तेलुगू विणकर घरातल्या. मला कावीळ झाली तेव्हा त्यांनी पोटच्या पोरीसारखी पेज भरवली. हे उपकार फिटायचे नाहीत. एका रविवारी म्हणाल्या, “चल गं, माझ्या हिरोचं पिच्चर लागलंय.”

जुनं एकपडदा थिएटर. रविवारी दुपारी तिथे कधीकधी जुने सिनेमे लावतात. मोजकीच माणसं, बहुतेक म्हातारी. आमच्या मागे कुणीच नव्हतं — बसताना बघितलं होतं, मला सवयच आहे मागे बघायची.

हिरो पडद्यावर आला तशी पुढच्या आजोबांनी शिट्टी मारली. दात नव्हते, नुसतीच हवा गेली. अम्मा पदर तोंडाला लावून लाजल्या. मला मात्र ते जड हिंदी काहीच कळेना. अम्मा हसल्या की मी हसायचे...

आणि मग अगदी कानामागून, हळू आवाजात —

“ती हासी राहिनी, पन तिले माहीत शे, तो आते येत नही.”

अहिराणी! बाईचा आवाज. भीती नाही वाटली, खरंच. वाटलं, आपल्याकडची कुणीतरी उशिरा येऊन बसली असेल. ती प्रत्येक सीन सांगत गेली आणि हिरॉईनने दारात तोंड फिरवलं तेव्हा मी ढसाढसा रडले.

तेवढ्यात तिने विचारलं, “कोनता गावनी शे व माय तू?”

आमच्याच रांगेत पलीकडे कारखान्यातली एक मुलगी बसली होती. मागे न बघता मी दबक्या आवाजात, स्वच्छ मराठीत म्हणाले, “मला तुमची भाषा कळत नाही. मी पुण्याची आहे.”

आवाज थांबला.

थोड्या वेळाने इंटरव्हल झालं, लाइट लागले. अम्मा म्हणाल्या, “का थांबली गं ती? लई छान सांगत होती.”

“कोण?”

“मागची. तेलुगूत सांगत होती की! लहानपणी आमी गल्लीतल्या सगळ्या यायचो ना, हिंदी एकट्या आमच्या अक्काला यायचं. ती मागं बसून आमाला सांगायची. डिट्टो तसंच.”

मला अहिराणी, त्यांना तेलुगू?

त्या मागे वळल्या. सगळ्या सीटा मिटलेल्या. “अय्यो, गेली वाटतं. कुणी काय बोललं का तिला?”

“नाही, अम्मा,” मी म्हणाले.

पुढचा अर्धा सिनेमा अम्मा पडदा कमी बघत आणि मागची चाहूल जास्त घेत होत्या. कुणी बोललं नाही.

त्यानंतर जुना सिनेमा लागला की आम्ही जातो, त्याच जागी बसतो. मागच्या वेळी न राहवून मी अंधारात मागे वळून मोठ्याने म्हणाले, “माय, मी शिरपूरकडनी शे!”

“ओ ताई, पिच्चर बघू द्या की!” पुढून कुणीतरी ओरडलं.

अम्मांनी विचारलं, “कुठली गं ही भाषा?”

“माझी.”

“गोड हाय की. इतके दिवस कुठं ठेवली होतीस?”

मागून मात्र काही नाही. एक आवाज दोघींना दोन भाषांत कसा ऐकू आला, मला आजही सांगता येत नाही. कुणाला कळलं तर सांगा. अम्मा अजून मान जराशी मागे टेकवून बसतात, वाट बघत. ती का गप्प झाली, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.