धावडा ते जालना, अण्णांच्या डाव्या हातासाठी

ज्यांच्या घरी जुनी गाडी हाय अन तिच्यावरून भांडण चालू हाय, त्यांनी हे पुरं वाचा. भोकरदनच्या नेटकॅफेत बसून लिहून राह्यलो, चुकभूल माफ.

उन्हाळ्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, लकव्याचा हलका झटका येऊन गेल्ता. डावा हात कमजोर झाला. त्याच्यानंतर आमच्या जुन्या सात सीटाच्या डिझेल गाडीचा चौथा गिअर चालता चालता निसटायला लागला. खट्ट करून न्यूट्रल. त्याच टायमाला मीटरचे काटे खाली पडायचे, टेप बंद. पाच मिनिटांनी सगळं बराबर.

मोठा भाऊ विनू म्हणला, "गिअर पुरा बसतच न्हाई अण्णांचा. हात ऱ्हायला न्हाई."

"मंग मीटर कशानं पडतं?"

"वायर तू छेडली असशील."

त्याचंबी खरं. एकदा मी हॉर्नची वायर ब्रेकच्या स्विचला जोडली होती. ब्रेक दाबला की हॉर्न. मामाच्या लग्नात वरातीतल्या घोड्याच्या मागं विनूनं ब्रेक दाबला, अन नवरदेव थेट उकिरड्यापाशी उतरला. म्हणून आता मी सांगितलं, की गिअर निसटला तवा अण्णांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते, मी सोता पाह्यलं, तर विनू म्हणला, "तू कवा खरं बोल्लास?"

त्यानं गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. सोमवारी माणूस येणार, गाडी नेणार. शनिवारी सकाळी अण्णा म्हणले, "चल रे, जालन्याला सलीमभाई मेकॅनिकला दाखवू."

आईनं गाडी धुतली. सरकी पेंडीचे पोते उतरवले, मागचं खोरं-टिकाव काढलं. आमच्याकडं मेकॅनिककडं गाडी अशीच नेतात, दवाखान्यात माणूस आंघोळ घालून नेतात तशी. किल्ली अण्णांनी मला दिली न्हाई.

आमच्या धावड्याहून भोकरदनपर्यंत रस्ता म्हणजे खड्ड्यांची माळ, घाई करू नका. भोकरदनच्या स्टँडवर च्या घ्या. राजूरला उतरून भजे खा, गरम असले तरच. अण्णांनी एकबी भजं खाल्लं न्हाई. जालन्यापर्यंत गिअर एकदाबी निसटला न्हाई. गाडी नीट चालली म्हणून तोंड उतरलेला माणूस मी पैल्यांदा पाह्यला.

सलीमचाचांचं गॅरेज जुन्या जालन्यात. त्यांनी बोनेट उघडायच्या आधी माझ्याकडं पाह्यलं. "पैले ये बता, तूने क्या किया?"

"काहीच न्हाई, चाचा."

दिवसभर त्यांनी बॅटरी, फ्यूज, गिअरचं ऑइल, सगळं तपासलं. तीन चकरा मारल्या. गाडी एकदम शहाणी. संध्याकाळी हात पुसत म्हणले, "भाईसाब, इसमें तो कुछ नै."

रात्री मावशीकडं अण्णा जेवताना डावा हात मांडीखाली घेऊन बसले.

रविवारी सकाळी चाचांनी इचारलं, "होतं कवा कवा?"

"बाजाराच्या दिवशी जास्ती," अण्णा म्हणले.

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाजाराच्या दिवशी अण्णांच्या गाडीत सात-आठ माणसं अन पेंडीचे पोते असतात. विनू कायम एकटा चालवतो. अन मेकॅनिककडं तर आम्ही धुवून, रिकामी करून आणतो.

मी हे सांगितलं तवा चाचा म्हणले, "मजाक तो नै ना?"

"आईशप्पथ न्हाई."

मंग वजन पायजे. राजूरच्या जीपा लागतात तिथं गेलो, मी वरडलो, "राजूर फुकट! फुकट राजूर!" एक माणूस बसंना. एक आजी म्हणली, "फुकट? पोरा, माझी पिशवी घेऊन पळतो का काय?" मी लगेच "दहा रुपये राजूर" केलं. दोन मिनिटांत नऊ जण आत.

चाचा स्टेअरिंगवर, अण्णा शेजारी, मी मागं आजीच्या पिशवीखाली. राजूरच्या अलीकडं चढ लागला. खट्ट. गिअर न्यूट्रलला, काटे खाली.

चाचांनी गाडी बाजूला घेतली. आपला डावा हात अण्णांसमोर धरला. "भाईसाब, मेरे हाथ को तो कुछ नै हुआ ना?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. लई वेळ पुसला.

चाचा खाली झोपले, पहारीनं गिअरबॉक्स उचलला, मलाबी दाखवलं. ज्या रबरावर तो बसतो ते चिरून दोन झालं होतं. बाजूची अर्थिंगची पट्टी दोन-तीन तारांवर लोंबत होती. वजन अन चढ एकदम आला की गिअरबॉक्स तिरका व्हायचा. वरून गिअर वढला जायचा, खालून पट्टी, अन पट्टी सुटली की मीटर-टेपचा करंट बंद. दोन आजार न्हाई, एकच.

आजी म्हणली, "झालं का तुमचं? माझे दहा रुपये दे." सगळ्यांचे दिले, राजूरला सोडलं बी.

जालन्याला परत जाऊन काम केलं, साडेआठशे लागले. येताना अण्णांनी चालवली. मी राजूरहून मुद्दाम सहा माणसं भरली, भोकरदनला उतरवली. चौथा हालला न्हाई.

पर भोकरदनच्या पुढं बैलगाडी आडवी आली. अण्णांनी क्लच दाबला, तिसरा टाकायला हात नेला, हात दांड्यावरून घसरला. दुसऱ्यांदाबी घसरला. गिअर करकरला. गाडीचा त्यात काही दोष न्हवता. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

घरी मी फाटकं रबर अन पट्टी वट्ट्यावर ठेवली. विनू म्हणला, "कोणत्या भंगारातून उचललं?" त्यानं चाचांना फोन लावला, ऐकलं, ठेवला. मंग हळूच म्हणला, "म्हणजे अण्णांचा हात ठीक हाय."

पैल्यांदाच माझं खरं निघालं होतं, अन दुसरं खरं मला सांगायचं न्हवतं.

अण्णाच म्हणले, "गाडीचं होतं ते निघालं. माझंबी हाय. आत्ताच तिसरा टाकताना दोनदा चुकलो."

सोमवारी गिऱ्हाईक आलं, च्या पिऊन रिकाम्या हातानं गेलं.

आता मोठ्या रस्त्याला मी चालवतो. शेताच्या रस्त्याला अण्णा, अन मी त्यांच्या डाव्या बाजूला. ते क्लच दाबतात अन म्हणतात, "तीन." मी उजव्या हातानं तिसरा टाकतो. "दोन." दुसरा. चुकीचा टाकला तर गाडी बेडकासारखी उडंल, हे मला म्हाईत हाय. अजून एकदाबी टाकला न्हाई.