धुळीचा पत्ता

दुरुस्तीला आलेल्या संगणकाचे झाकण काढले की ते आधी आत एक बोट फिरवायचे. मग ते बोट खिडकीच्या उजेडात धरायचे, अंगठ्यावर चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि विचारायचे, “कुठली धूळ ही?” उत्तर गिऱ्हाइकाने द्यायचे नसे. थोडे थांबून ते स्वतःच सांगत.

काळी आणि हलकी असेल तर कसबा बावडा; साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की चिमणीची राख तिकडच्या घराघरांत उतरते. पांढरी आणि चिकट असेल तर पिठाची गिरणी. गुलाबी असेल तर मशीन जोतिबाच्या डोंगरावरचे. तिथे देवावर गुलाल उधळतात आणि तो दुकानांच्या फळ्यांवर, वह्यांच्या पानांत वर्षभर राहतो. आपला संगणक बंद खोलीत असतो, त्याच्याजवळ कुणी फिरकत नाही, असे एका प्राध्यापकांनी ठामपणे सांगितले होते. यांनी आतून एक तिखट-मीठ लावलेला शेंगदाणा काढून टेबलावर ठेवला.

“मग पावणं, भडंग मशीन खातंय व्हय?”

त्यांचे दुकान शाहूपुरीत, एका गुळाच्या पेढीच्या वरच्या मजल्यावर होते. जिना चढताना गुळाचा वास आपल्याबरोबर वर येई. दुपारी त्या खोलीत वेळ जरा जाडसर वाटायचा. खिडकीतून उजेडाची एक तिरीप येई, तिच्यात उघडलेल्या मशीनमधली धूळ तरंगत राही आणि खाली हमालांचे आवाज दूरच्या गावातून आल्यासारखे ऐकू येत. मी वर्तमानपत्रात होतो. आमच्या कार्यालयातले संगणक दुरुस्तीला तिथेच जात, त्यामुळे अशा पुष्कळ दुपारी मी तिथल्या स्टुलावर काढल्या आहेत.

संगणकाच्या आधी ते विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचे. त्या कामातला कान शेवटपर्यंत राहिला. मशीनमधला पंखा फिरू लागला की ते डोळे मिटून ऐकत.

पडद्यावर चित्र उभे करते ते ग्राफिक्स कार्ड. जुन्या संगणकाचे कार्ड गेले की लोक त्यांच्याकडे सर्वांत मोठे, सर्वांत नवे कार्ड मागायला येत. तुम्हीही असेच काही मागितले असते, मीही. ते आधी एकच विचारत, “काय बघायचं हाय?” उत्तर मिळाल्यावर शिंप्याचा टेप काढून मशीनच्या आतली जागा मोजत, वीज पुरवणाऱ्या डब्यावरचे आकडे वाचत, मॉनिटरची वायर कोणत्या तोंडाची आहे ते पाहत. एकदा एका कॉलेजच्या पोरीने गेमसाठी मोठ्या कार्डाचा हट्ट धरला. तीन हॉर्सपॉवरच्या मोटारीच्या वायरवर दहाची मोटार जोडली तर काय होते, हे घरी वडिलांना विचारून ये, असे सांगून त्यांनी तिला परत पाठवले. ती दुसऱ्या दिवशी आली आणि लहान कार्ड घेऊन गेली.

माझ्या घरचा संगणक बारा-तेरा वर्षांचा. पावसाळा संपता संपता त्याच्या पडद्यावर रंगीत पट्टे आले आणि चित्र नाहीसे झाले. मी मशीन घेऊन जिना चढलो. त्यांनी बोट फिरवले, “बावडा,” म्हणाले, आणि काय बघायचे ते विचारले. मी सांगितले, बातम्या, मेल, थोडे लिखाण. ते म्हणाले, मग कार्ड हवेच कशाला? मदरबोर्डवर चित्रासाठी स्वतःची सोय असते, तेवढी पुरे. मेलेले कार्ड काढून त्यांनी वायर तिकडे जोडून दिली.

मी खोटे बोललो होतो. तो संगणक माझ्यापेक्षा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जास्त होता. अण्णा चौऱ्याऐंशी वर्षांचे. तरुणपणी ते दर रविवारी बावड्यातून चालत जोतिबाला जात. गुडघे गेल्यापासून घराची पायरीही उतरत नाहीत. मी त्यांना एकदा तो नकाशा दाखवला, ज्यात उपग्रहाच्या फोटोंवरून डोंगर, झाडे, घरे उभी करून दाखवतात. तेव्हापासून त्यांची वारी पुन्हा सुरू झाली. रविवारी लवकर आंघोळ करायची, टोपी घालायची आणि माउस धरून बसायचे. ते थेट डोंगरावर कधी गेले नाहीत. घरापासून निघायचे, नदी ओलांडायची, उसाच्या हिरव्या पट्ट्यांतून चालण्याच्या वेगाने पुढे सरकायचे. दोन तास लागत. देवळाच्या पायऱ्या आल्या की टेबलाखाली पायांतल्या घरातल्या चपला काढून ठेवायचे.

हे दुकानात चार माणसांसमोर सांगायला मला संकोच वाटला. एवढेच कारण होते.

नव्या जोडणीवर बातम्या दिसल्या, मेल उघडले. रविवारी अण्णा निघाले. नदी कशीबशी पार झाली. घाट सुरू झाला तसा डोंगर सपाट पडला आणि चित्र थिजले. त्यांनी बराच वेळ माउस हलवून पाहिला. मग खुर्ची खिडकीकडे वळवली. पुढच्या रविवारी त्यांनी टोपी मागितली नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आंघोळीलाही उठले नाहीत. जेवण अर्ध्यावर आले. डॉक्टरांना काही सापडले नाही.

मी पुन्हा जिना चढलो आणि सगळे सांगितले. दुकानात दोन गिऱ्हाइके होती, ती वळून माझ्याकडे पाहू लागली. हे मात्र टेप गुंडाळत राहिले.

“हे आधी सांगायचं की,” ते म्हणाले. “मी काय बघायचं म्हणून विचारलं, आनि तुम्ही बातम्या सांगितलासा.”

मग विचारले, “चालतच जातात?”

“हो. मध्ये उडी मारत नाहीत.”

दुरुस्तीसाठी ते कुणाच्या घरी जात नसत. मशीन दुकानात यायचे, हा नियम होता. पण त्या रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे होते. अण्णांच्या शेजारी बसून त्यांनी विचारले, “कुठं अडतंय, अण्णा?”

“घाटाला,” अण्णा म्हणाले. “पाय उचलत न्हाय.”

त्यांनी माउस अण्णांच्या हातात दिला, घाटापर्यंत बरोबर गेले आणि थिजलेला डोंगर स्वतः पाहिला. मग मशीन उघडून टेप लावला. मी नव्या कार्डांची यादी करून ठेवली होती. एकेका नावावर त्यांनी बोट ठेवले. एक लांब होते, आत बसलेच नसते. एकाला वेगळी वीज लागत होती, ती आमच्या डब्यात नव्हती. उरलेल्यांना आमच्या मॉनिटरची वायर बसत नव्हती, आणि इतक्या जुन्या बोर्डाने त्यांना ओळखले असते याचीही खात्री नव्हती. “मशीनच्या वयाचं कार्ड पायजे,” ते म्हणाले. “बघतो मी. कुठं तरी असंल.”

दोन आठवडे गेले. मी विचारायला गेलो, तर दुकान बंद होते. खाली पेढीवर कळले, ते सकाळीच एसटीने कुठेतरी गेले आहेत.

तिसऱ्या रविवारी ते आले. कार्ड आमच्याच वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. मी गमतीने म्हटले, अंक वाचून तरी झाला का? “वाचायला चष्मा लागतोय. गुंडाळायला न्हाय,” ते म्हणाले. कार्ड कुठून आणले, ते त्यांनी सांगितले नाही. माझ्याकडे पाठ करून ते बसवले, झाकण लावले, चारही स्क्रू स्वतः आवळले.

“वर्षभर उघडू नका.”

मला ते चमत्कारिक वाटले. दर तीन महिन्यांनी मशीन साफ करा, असे ते प्रत्येकाला बजावत. साफ न केलेला भाग त्यांनी कधी कुणाच्या मशीनमध्ये बसवला नव्हता.

अण्णा निघाले. नदी आली, ऊस आला. घाटाच्या पहिल्या वळणावर त्यांचा हात थांबला. मग डोंगर हळूहळू फिरला, पूर्ण उभा, सावलीसकट. खोलीत पंख्याचा बारीक आवाज तेवढा होता. हे मागे बसून डोळे मिटून तो ऐकत होते. पायऱ्या आल्या तशा अण्णांनी चपला काढल्या. मी मागे पाहिले, तर हे खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

“पोचलासा न्हवं?” त्यांनी विचारले. अण्णांनी मान हलवली. चहा न घेताच ते गेले.

गेल्या उन्हाळ्यात ते वारले. झोपेतच गेले, असे पेढीवाल्यांनी फोनवर सांगितले. बातमी मीच लिहिली. नाव, वय, व्यवसाय, मागे कोण. चार ओळी झाल्या. धुळीबद्दल लिहायला जागा नव्हती. त्या खोलीत आता गुळाच्या रिकाम्या पेट्या ठेवतात.

कार्ड बसवून वर्ष उलटल्यावर एका रविवारी पंख्याचा आवाज जड वाटला, म्हणून मी मशीन उघडले. सगळीकडे आमची बावड्याची काळी राख होती. कार्डाकडे पाहिले. त्याची सोनेरी टोके खोडरबराने घासून लख्ख केलेली होती. पंख्याची पातीही मूळची पुसलेली, वरून तेवढी वर्षाची राख. मात्र कार्ड थंड ठेवणाऱ्या खालच्या पत्र्यांच्या फटींत, जिथे ब्रश सहज पोचतो, तिथे काठोकाठ गुलाबी भरले होते.

आधी मला वाटले, साफ करायचे राहून गेले असेल. मग ती एसटी आठवली, आणि डोंगरावरचा गुलाल.

अण्णा टोपी घालून शेजारी बसले होते. “काय निघालं?” त्यांनी विचारले.

“धूळ.”

“कुठली?”

मी फटीत बोट फिरवले आणि त्यांच्यासमोर धरले. त्यांनी ते खिडकीच्या उजेडाकडे वळवले, बराच वेळ पाहिले. मग माझे बोट तसेच स्वतःच्या कपाळाला टेकवले.

मी ब्रश बाजूला ठेवला आणि झाकण लावू लागलो. मशीन अजून सुरू व्हायचे होते. अण्णांनी चपला आधीच काढून ठेवल्या होत्या.