गोखिवऱ्याच्या गाळ्यात उमटलेला माग

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं नुसती वाचतेय. वाचून झालं की नवऱ्याला सांगायचे आणि दोघं हसायचो, हेही कबूल करते. माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्या दाराला कधी लिंबू-मिरची लागली नाही आणि अमावास्येला कुणी मला बाहेर जायला अडवलं नाही. तेव्हा पुढचं वाचून कुणाला हसू आलं तर माझी तक्रार नाही. आठवतंय तसं लिहितेय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही चिपळूण सोडून नालासोपाऱ्यात वन रूम किचन घेतलं होतं. मी बारावी झाले होते, पुढे शिकायचं की नाही ते ठरत नव्हतं… तेवढ्यात शेजारच्या वहिनींनी वसई पूर्वेला, गोखिवऱ्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगच्या कामाला लावून दिलं. इस्टेटमध्ये एका गाळ्यात बाटल्यांची झाकणं, दुसऱ्यात खिळे, तिसऱ्यात छत्र्यांच्या मुठी. आमच्या गाळ्यात काय बनतं हे सांगितलं की मात्र लोक माझ्याकडे बघत राहायचे.

स्की घालून बर्फाच्या उतारावरून सुसाट खाली येणारी माणसं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलीत. पण त्याआधी ती वर कशी जातात? मलाही कधी हा प्रश्न पडला नव्हता. त्यासाठी स्कीच्या तळाला एक लांब केसाळ पट्टी चिकटवतात. तिच्यावरची लव एकाच दिशेने झुकलेली असते, मांजराच्या पाठीसारखी. स्की पुढे सरकवली की लव मुकाट झोपते. मागे घसरायला लागली की तेच केस उभे राहून बर्फात रुततात, आणि माणूस चढावर टिकून राहतो. वर पोचलं की पट्टी सोलून काढायची, गुंडाळून पिशवीत टाकायची आणि घसरत खाली यायचं.

परदेशातून त्या कापडाचे रोल यायचे. आम्ही पट्ट्या कापायचो, मागे गोंद चढवायचो, टोकाला कडी शिवायचो आणि खोके भरून परत पाठवायचो. आमच्याकडे थंडी म्हणजे डिसेंबरातले चार दिवस. बर्फ आम्हाला माहीत होता तो फक्त मासळीवरचा आणि उसाच्या रसातला.

गाळ्यात आम्ही सात-आठ जण. पण दोनच माणसं मला आजही स्वप्नात दिसतात.

एक फिलोमावशी. वसई किल्ल्याजवळच्या पाचूबंदरची, नवऱ्याची होडी, दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. कड्या शिवायला तिच्याइतका पक्का हात कुणाचाच नव्हता. मशीन सुरू करण्याआधी क्रूस करायची आणि दुपारी डबा उघडला की आधी माझ्या झाकणात सुक्या बोंबलाची चटणी घालायची. मी नको म्हटलं तर म्हणायची, "खा गो बाय, वाऱ्याने उडशील."

दुसरे दळवी काका, आमचे सुपरवायझर. खेडकडचे. फौजेतून निवृत्त झालेले, आणि आमच्यात स्कीवर कधी उभे राहिलेले ते एकटेच. डोंगरातल्या पोस्टवर असताना अशाच पट्ट्या लावून ते गस्तीला जायचे. फार बोलायचे नाहीत. पण गोंदाच्या बाबतीत त्यांचं डोकं फिरलेलं होतं. "लव चांगली असून काय उपयोग? थंडीत गोंद सुटला की माणूस गेला," एवढं एकच वाक्य आम्ही त्यांच्याकडून शंभरदा ऐकलं असेल.

म्हणून त्यांनी स्वतःची एक टेस्ट काढली होती. फिलोमावशी सकाळी येताना बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा गोणपाटात बांधून आणायची. काका थर्माकोलच्या पेटीत तो फोडून टाकायचे, स्कीच्या एका जुन्या तुकड्यावर नवी पट्टी चिकटवायचे आणि तासभर बर्फात पुरून ठेवायचे. मग बाहेर काढून दोन्ही हातांनी ओढायचे. हलली नाही, तरच माल पास. गाळ्याचे मालक, आमचे साहेब, चेष्टा करायचे, "दळवी, अहो मच्छीच्या बर्फावर एक्स्पोर्ट क्वालिटी चेक करताय." काका हसायचे नाहीत.

ते दिवस फार चांगले होते. आज मॉलमध्ये कुठे तरी रबरी गोंदाचा वास आला तरी मला तो गाळा आठवतो. पत्र्याखालची गरमी, कोपऱ्यातला रेडिओ, मागच्या दाराबाहेरचं समुद्रकाठच्या भेंडीचं मोठं झाड आणि त्याच्या पिवळ्या फुलांचा सडा… आम्ही तिथेच जेवायचो. कामाला उशीर झाला म्हणून कुणी रागावल्याचं आठवत नाही. डबा न खाता उठलं म्हणून मात्र रागवायचे.

तर, मे महिना. एक मोठा लॉट संध्याकाळी टेम्पोने जायचा होता. त्या दिवशी फिलोमावशी रिकाम्या हाताने आली.

"लादी नाय मिळाली. मशिन बंद परलीय कारखान्याची. उद्या देनार."

काका साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं.

"एक दिवस थांबू साहेब. टेस्ट झालेली नाही."

"मागचे दहा लॉट पास झाले ना? तोच गोंद, तीच माणसं. चार वाजता टेम्पो येणार, माल जाणार."

काका बाहेर आले ते थेट हात धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता.

तयार खोकी समोरच्या भिंतीशी तीन थप्प्यांत रचलेली होती. मीच रचली होती. सगळी सारखी, एकाच रंगाची.

एक वाजता लाइट गेली. पंखे थांबले, रेडिओ थांबला. बाकीचे वडापाव आणायला इस्टेटच्या गेटकडे गेले आणि आम्ही तिघं मागे भेंडीखाली डबे घेऊन बसलो. मशिनं बंद असल्यामुळे इतकं शांत झालं होतं की गाळ्यातलं घड्याळ बाहेर ऐकू येत होतं.

मग तो आवाज आला. गाळ्याच्या आतून. खस्स… खस्स… काही तरी दमाने ओढल्यासारखा. थांबायचा, पुन्हा यायचा. मला वाटलं कुणी खोकी सरकवतंय.

"पुढलं शटर लावलंय ना?" मी विचारलं.

"मीच लावलाय," मावशी म्हणाली. "आत कोन नाय."

काकांचा घास हातात तसाच राहिला होता. मान एका बाजूला कलती करून ते ऐकत होते. मग डबा खाली ठेवून उठले आणि आत गेले. आम्ही मागोमाग.

आत कुणीच नव्हतं. पण शटरपासून सुरू होऊन गाळ्याच्या मधोमध, सिमेंटच्या फरशीवर दोन पांढरट पट्टे उमटले होते. एकमेकांना समांतर, चार बोटं रुंद. हातगाडीच्या चाकांचे नव्हते, ती इतकी जवळजवळ नसतात. आणि दोन्ही सलगही नव्हते. उजवा थोडा पुढे, मग डावा, मग उजवा… कुणी तरी एक-एक पाय सरकवत गेल्यासारखे. मी वाकून बोट लावलं. चटका बसावा इतकं गार होतं. बोटाला लागलेली पांढरी भुकटी डोळ्यांसमोर पाणी झाली. पत्र्याखाली, मे महिन्यात, भर दुपारी.

मावशीने क्रूस केला. "पावलं नाय बाय. निस्ता चालल्याचा माग हाय," ती हळूच म्हणाली.

काका मात्र डाव्या पट्ट्याजवळ उकिडवे बसले होते. उजवा पट्टा स्वच्छ होता. डाव्याच्या मागच्या टोकाशी दर वेळी एक फरकाटा होता, काही तरी सुटून लोंबकळत ओढलं गेल्यासारखा. काकांची नजर त्या फरकाट्यावरून हलत नव्हती. 

माग खोक्यांकडे गेला होता. पहिल्या थप्पीसमोरून पुढे, दुसरीसमोरूनही पुढे. तिसऱ्या थप्पीसमोर दोन्ही पट्टे शेजारी-शेजारी येऊन थांबले होते. तिथून परतीचा माग नव्हता.

आम्ही बघत असतानाच ते पट्टे ओले झाले, मग नुसते डाग राहिले, मग तेही वाळले. दोन-तीन मिनिटांचा खेळ असेल.

काका उठले आणि तिसऱ्या थप्पीतलं वरचं खोकं त्यांनी ब्लेडने उघडलं.

"वैशाली, बर्फ आण. कुठूनही आण."

मी रिक्षा करून स्टेशनजवळच्या रसवाल्याकडे गेले. त्याला काय सांगितलं ते आठवत नाही, पण अर्धी लादी घेऊन आले. तोवर लाइट आली होती, साहेबही जेवून परत आले होते. सील केलेलं खोकं फोडलेलं बघून त्यांचा आवाज चढला. काका शांतपणे म्हणाले, "तासभर द्या साहेब. पट्टी टिकली तर मी आजच नोकरी सोडतो."

साहेब घड्याळ बघत बसले. तासाने काकांनी तुकडा बाहेर काढला. ओढायची गरजच पडली नाही. पट्टी एका टोकाने आपोआप सुटून लोंबत होती. गोंद काचेसारखा कडक होऊन त्याचे कपचे पडत होते. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी, तेच. पहिल्या दोन थप्प्यांतल्या पट्ट्या मात्र कितीही ओढा, सुटेनात. नंतर चौकशीत कळलं, तिसऱ्या थप्पीचा माल नव्या ड्रममधल्या गोंदाचा होता. तो ड्रम आदल्या आठवड्यात झाकण न लावता उन्हात राहिला होता. कुठल्या थप्पीला कुठला ड्रम याची नोंद आम्ही ठेवतच नव्हतो. मलाही माहीत नव्हतं आणि काकांनाही.

टेम्पो रिकामा परत गेला.  दुसऱ्या दिवसापासून टेस्टशिवाय एक खोकं बाहेर गेलं नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर आम्ही तिघं पुन्हा भेंडीखाली बसलो. मावशीने चहा मागवला होता. काकांनी स्वतःच सुरुवात केली.

"नेगी म्हणून एक होता माझ्याबरोबर. पहाडातला पोरगा. पोस्टवरचं सामान माझ्या ताब्यात असायचं. एका सकाळी म्हणाला, दळवी, डावी पट्टी मागून सुटतेय, दुसरी दे. दुसरी होती. पण आत खाली ठेवलेली होती, सगळं उपसावं लागलं असतं. मी म्हटलं, आजचा दिवस काढ, उद्या देतो."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. 

"चढावर माझ्या पुढे होता. त्याच्या मागाकडे बघत मी चाललो होतो. डाव्या बाजूला असाच फरकाटा पडत होता. मला दिसत होता. मी हाक मारली नाही, वाटलं वर पोचतोच आहोत. मग तो घसरला, तो गेलाच."

"कुनाला सांगितलाव?" मावशीने विचारलं.

"कुणालाच नाही. चौकशीत म्हणालो, उतार कच्चा होता. ते खरंही होतं."

"त्याचे घरी कोन हाय?"

"बहीण होती. सुकवलेले जर्दाळू पाठवायची, आम्ही सगळे खायचो."

मावशीने कप खाली ठेवला. "मग जावा दळवी. जाऊन सांगा तिला. आमी आमचा पाप फादरला सांगतो, तुमचा तर कोन फादरपन नाय."

त्या पावसाळ्यानंतर काका खरंच तिच्याकडे गेले. गावाचं नाव तेवढं त्यांना ठाऊक होतं. पंधरा दिवसांनी परत आले ते काळवंडून, गालांची सालं निघालेली. मी विचारलं, बहीण भेटली का?

"भेटली. सगळं सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काही नाही.  संध्याकाळी जेवायला वाढलं." एवढं सांगून ते कामाला लागले.

पुढे चारेक वर्षांनी ते काम दुसऱ्या देशात गेलं आणि गाळा बंद झाला. माझं लग्न झालं, मी विरारला आले. फिलोमावशी आता नाही. तिच्या मातीला पाचूबंदरला गेले होते तेव्हा काकांना शेवटचं भेटले. मधल्या काळात नवऱ्याने मला खूप कारणं देऊन पाहिली. एसीचं पाणी, गोंदातलं केमिकल, कुणाची तरी चेष्टा… आमच्याकडे एसी नव्हता, माग उमटला तेव्हा गाळ्यात बर्फ नव्हता, आणि नेगीची गोष्ट तोवर काकांशिवाय कुणाला माहीत नव्हती. वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी पट्टे किती रुंद होते ते पुन्हा विचारून वहीत लिहून घेतलं. 

मावशीच्या मातीच्या दिवशी चर्चबाहेर मी काकांना विचारलंच. इतकी वर्षं मनात होतं.

"काका, तो नेगीच होता का?"

काकांनी चष्मा काढून पुसला.

"कसं सांगू? मी सगळा वेळ जमिनीकडेच बघत होतो, पोरी. मान वर करायची हिंमत झाली नाही."